डावी, पाठ, उजवी

माझा प्रबंध आमच्या नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत आहे. मरून बांधणी, वर सोनेरी अक्षरं. दरवर्षी एम.एस्सी.च्या नव्या मुली विषय शोधायला येतात, तेव्हा कुणीतरी तो हमखास काढून नेतं आणि आधीच्या अभ्यासांचा आढावा जसाच्या तसा उतरवून घेतं. शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणी जात नाही. मी आता त्याच कॉलेजात शिकवते, संशोधनाचा पेपर माझ्याकडेच आहे, आणि कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे मी फळ्यावर दोन चौकोन काढून समजावते. एका चौकोनातल्या पेशंटना आपण काहीतरी नवं देतो, दुसऱ्यातल्यांचं जे चालू आहे ते चालू ठेवतो, आणि शेवटी फरक मोजतो. मुली माना डोलावतात आणि चौकोन वहीत काढून घेतात.

माझा विषय बेडसोअरचा होता. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांचं माकडहाड, खुबे, टाचा गादीवर दबून दबून तिथली कातडी मरते. आधी लाल होते, मग सोलवटते, मग आत खड्डा पडत जातो. उपाय जुना आणि फुकटचा आहे. दर दोन तासांनी माणसाला वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. प्रत्येक बेडच्या पायथ्याशी त्याचा चार्ट टांगलेला असतो आणि नर्सने वळवलं की वेळ टाकून सही करायची असते.

हा चार्ट आम्ही कसा भरायचो ते सांगते, कारण ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ड्युटीवर आलं की बसल्या बैठकीत सगळ्या बेडचे चार्ट सुट्टी व्हायच्या वेळेपर्यंतचे भरून टाकायचे. आठ – डावी. दहा – पाठ. बारा – उजवी. पेशंट त्या वेळी कसाही पडलेला असो. मी स्वतः नऊ वर्षं स्टाफ नर्स होते आणि माझं अक्षर चांगलं म्हणून इतरांचेही चार्ट मीच भरून द्यायची. वॉर्डात तीसेक पेशंट आणि आम्ही दोघी. सलाईन, इंजेक्शनं, राउंड, नातेवाइकांची भांडणं, त्यात दर दोन तासांनी कोण कुणाला वळवणार? खरं वळवायचे ते मामा आणि मावशी. आमच्याकडे वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. सकाळी चादर बदलताना, अंग पुसताना, संध्याकाळी शौचाचं भांडं देताना ते पेशंटला इकडून तिकडे करायचे. दिवसातून तीनचार वेळा. रुटीन केअर म्हणतात ती एवढीच होती, आणि तेवढ्यावर बरेच पेशंट निभावून जात.

म्हणून मी ठरवलं, नातेवाइकांना शिकवायचं. सोबत बसलेली बायको, मुलगी, भाऊ यांना दोन तासांनी वळवायला शिकवायचं, टाचेखाली घडी घातलेली चादर कशी ठेवायची ते दाखवायचं आणि चौदा दिवस पाठ तपासायची. निम्म्यांना शिकवायचं, निम्म्यांना नाही. गाईड मॅडमना विषय आवडला. "सोपा आहे, वेळेत होईल," त्या म्हणाल्या. मीही खूश होते. निकाल काय लागणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार्ट कसे भरतात हे जिला माहीत आहे तिला कसलं आलंय कुतूहल! दुसऱ्या चौकोनातल्या लोकांच्या पाठी खराब होणार होत्या आणि माझा प्रबंध चांगला होणार होता. तेव्हा मी ते अशा शब्दांत स्वतःशी बोलले नाही, एवढंच.

आमच्या हॉस्पिटलात सगळ्या नवी मुंबईतली मोडलेली माणसं येतात. बंदराच्या रस्त्यावरचे ट्रकवाले, रबाळ्याच्या कारखान्यांतले कामगार, मार्केटमधले माथाडी. पुरुषांच्या वॉर्डात मी सकाळ-दुपार सॅम्पल शोधत फिरायची. हो, सॅम्पलच म्हणायचो आम्ही. कँटीनमध्ये एकमेकींना विचारायचो, "आज मिळालं का गं सॅम्पल?" आणि एखादीला दोन मिळाली की ती चहा पाजायची.

तो माथाडी मला असाच मिळाला. कांदा-बटाटा मार्केटात गोणींची थप्पी त्याच्यावर कोसळली होती. मणका मोडलेला, ऑपरेशन होऊन आत प्लेट बसवलेली, कमरेखाली काही हलत नव्हतं की कळत नव्हतं. वय बेचाळीसच्या आसपास. माझ्या यादीतल्या सगळ्या अटींत बसत होता. डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलं होतं, दोघांनी मिळून, पाठ सरळ ठेवून कुशीवर वळवण्यास हरकत नाही. ती ओळ वाचल्यावरच मी त्याला घ्यायचं ठरवलं.

त्याची बायको बेडशेजारच्या स्टुलावर बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. मी आधी शुद्ध भाषेत सुरुवात केली आणि तिचा चेहरा कोरा पडला. मग मी विचारलं, "कुठलं गाव वहिनी?"

"पाटनच्या वर. डोंगरात हाय."

"आमचं बी तिकडचंच," मी म्हटलं. माझे वडील त्याच मार्केटात गोणी उचलायचे. कोपरखैरण्यात दोन खोल्यांत आम्ही वाढलो. घरातली ती बोली मी कॉलेजात गेल्यावर मोठ्या कष्टाने घासून काढली होती आणि आता सॅम्पल मिळवायला ती कामाला येत होती.

"मंजी तुमी आमच्याच की ओ ताई!" ती म्हणाली आणि स्टुलावरून उठून मला बसायला जागा दिली.

संमतीपत्र चार पानांचं होतं. मी वाचून दाखवू लागले, तर तिने पहिल्याच पानावर हात ठेवला. "तुमी सांगताय मंजी चांगलंच आसंल." मी तरी सांगितलं की काही जणांना शिकवणार, काहींची नुसती रोज पाहणी करणार. "रोज बघाय येनार नव्हं तुमी? मग झालं." तिने सही केली, नवऱ्याने अंगठ्यावर शाई घेतली, मी साक्षीदार म्हणून समोरच्या बेडवरच्या पेशंटच्या मुलीची सही घेतली.

कुणाला कुठल्या गटात टाकायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरत होतं. संशोधनात यालाच लॉटरी पद्धत म्हणतात. मी ट्रेमध्ये घडी घातलेल्या चिठ्ठ्या ठेवायची आणि नातेवाइकाला एक उचलायला सांगायची, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी आपल्या मनाने केलं. वहिनीने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली, कपाळाला लावली आणि न उघडताच माझ्या हातात दिली. मी उघडली. 'ब' आला होता. कंट्रोल ग्रुप.

"चांगलं हाय न्हवं?" तिने विचारलं.

"दोन्ही सारखंच असतं वहिनी," मी म्हणाले.

समोरच्या बेडवर उरणकडच्या खाडीकाठच्या गावातला एक म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. त्याची मुलगी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कारकून होती, बापासाठी रजा टाकून आलेली. तिने 'अ' चिठ्ठी उचलली होती. मी एकदाच दाखवलं आणि ती शिकली. कागदावर वेळांचं कोष्टक केलं, मोबाईलला दर दोन तासांचा गजर लावला. मामाला हाक मारून दोघं मिळून म्हाताऱ्याला वळवायची, पाठीमागे उशी खोचायची, टाचा अधांतरी आहेत का बघायची. अशी दहा माणसं वॉर्डात असती तर आमची गरजच उरली नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या दारात पोचले आणि तो गजर वाजला. समोरासमोरच्या दोन्ही बायका एकदम उठल्या. मुलीने बापाचं आटोपलं आणि पलीकडे गेली. वहिनी नवऱ्याच्या खांद्याला धरून ओढत होती. "काकी, एकटीने नाय," मुलगी म्हणाली. "थांबा, मी आले. खांदा आणि कंबर एकसाथ. पाठ सरळ राहिली पायजे. हां, आता." दोघींनी मिळून त्या माथाड्याला अलगद कुशीवर घेतलं. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना महिनाभर शिकवून जे जमत नाही ते त्या दोघींना जमलं होतं. त्याची पाठ मला दारातून दिसली. स्वच्छ होती, कुठे लाल डाग नव्हता.

मला राग आला. खरं सांगायचं तर दुसरं काहीच वाटलं नाही, नुसता राग. गजर वाजला की हीपण उठते हे तिने मला सांगितलंही नव्हतं, आणि का सांगावं? पण माझं सॅम्पल गेलं होतं. मी जिन्यात जाऊन गाईड मॅडमना फोन लावला.

"दोन्ही ग्रुप मिसळले म्हणजे," त्या म्हणाल्या. "एकतर त्याला सोडून द्या, नाहीतर वेगळं करा. पण नीट करा, व्हायव्हाला तुम्हालाच उत्तर द्यायचंय."

सोडून द्यायचं म्हणजे नवा पेशंट शोधायचा, पुन्हा चौदा दिवस. स्वतःहून कूस बदलता न येणारा, पण शुद्धीवर असलेला आणि पाठ चांगली असलेला पेशंट महिन्यातून एखाददुसरा यायचा. माझी अभ्यासरजा संपत आली होती. मी परत वॉर्डात गेले.

मुलीला म्हटलं, "अभ्यासाचा नियम आहे. दुसऱ्या पेशंटला हात लावायचा नाही, दाखवायचंही नाही."

"पण सिस्टर, आपण चांगलंच करतोय ना?"

"नियम आहे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमची मर्जी," म्हणाली आणि बापाच्या तोंडावरची माशी हाकलू लागली.

मग मी वहिनीकडे गेले. तिच्याशी बोलताना मी पुन्हा गावाकडची झाले. "वहिनी, मणक्याचं आपरेशन झालंय त्यांचं. आत पट्टी बसवलीय. ती सरकली बिरकली तर? डॉक्टरला इचारल्याबिगर हालवू नका."

यातला शब्दन् शब्द खरा होता. ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती, डॉक्टरांना विचारायला हवंच. डॉक्टरांनी परवानगी आधीच दिली आहे, एवढंच मी बोलले नाही.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई गं! दोन दिस हालवलं की ओ मी! काय झालं आसंल का आत?"

"काही नाही झालं. फक्त आता हलवू नका."

"न्हाई ताई. आता हात बी लावत न्हाई."

त्याच दुपारी मी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला बेड हलवायला सांगितला. ती माझी जुनी सीनियर, तोंडाने फटकळ. "वॉर्ड काय तुझ्या सासऱ्याने बांधलाय का?" म्हणाली, पण मामाला हाक मारून तिने त्याला पार दुसऱ्या टोकाला, खांबाच्या आडोशाला नेलं. तिथून म्हाताऱ्याचा बेड दिसत नव्हता, गजरही ऐकू येत नव्हता. वहिनीला मी सांगितलं की इकडे पंखा चांगला आहे. तिने माझे आभार मानले.

पुढे मी रोज सकाळी जायची. मावशीला सोबत घेऊन त्याला कुशीवर करायची (मी असले की वहिनी हरकत घ्यायची नाही), पाठ बघायची, माझ्या तक्त्यावर आकडा टाकायची आणि त्याला परत उताणा निजवायची. होय, परत उताणाच. हात लावायचा नाही हे मलाही लागू होतं ना! पाचव्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तर फिकट पडेना. पहिली पायरी. मी नोंद केली. सातव्या दिवशी कातडी सुटली. मी स्टाफला सांगितलं, ड्रेसिंग सुरू झालं, आणि ते सुरू झालं म्हणून मला बरं वाटलं. माझं कर्तव्य मी केलं होतं.

तो माणूस गमत्या होता. "पाठीवर गोनी वाहून जलम गेला," म्हणायचा, "आता पाठच मला वाहतीय." एकदा मी कागदी टेपने जखम मोजत होते, तेव्हा त्याने मान वळवून विचारलं, "सिस्टर, मला काय दुखत न्हाई तिथं. मंजी बरं व्हतंय का?" कमरेखाली त्याला काही कळतच नव्हतं. मी म्हटलं, "बघू या." तो म्हणाला, "बघा बघा, तुमीच बघा, मला तर दिसत बी न्हाई."

वहिनीचा माझ्यावर भारी जीव. मी यायच्या आधी ती केस विंचरून, बेडवरची चादर ताणून तयार असायची. "एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक तुमी तेवढ्या रोज पाठ बघता," म्हणायची. इतर नातेवाइकांना अभिमानाने सांगायची की ह्या ताई आमच्याकडच्या. मी मान खाली घालून आकडे लिहायची.

दहाव्या दिवशी इनचार्ज सिस्टरने मला ऑफिसात बोलावलं.

"तुझी ती सातारची बाई! वेड लागलंय का तिला?"

"काय झालं?"

"काय झालं काय? आठवडा झाला, मामाला चादर बदलू देत नाही. अंग पुसायला मावशी गेली तर अंगावर धावून आली. म्हणे, सिस्टरनी सांगितलंय हलवायचं नाही. पुढून पुसा आणि जा म्हणते. ड्रेसिंगवाल्याशी रोज भांडण. तो बाजूबाजूने काहीतरी लावून येतो. कोण सिस्टर गं ही? माझ्या वॉर्डात कोण असलं सांगतंय?"

मी उठून खांबाआडच्या बेडपाशी गेले आणि पायथ्याचा चार्ट उचलला. आठ – डावी. दहा – पाठ. बारा – उजवी. सगळे दिवस, सगळ्या वेळा, खाली सह्या. चार्टप्रमाणे त्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलत होती. खरं म्हणजे तो आठवडाभर एकाच जागी उताणा होता. सकाळी मी पाठ बघायला वळवत होते तेवढाच काय तो दाब सुटायचा. बाकीच्यांना मिळतं ते दिवसातलं तीनचारदा हलवणंसुद्धा माझ्या एका वाक्याने बंद झालं होतं. तो आता माझ्या 'अ' गटातही नव्हता आणि 'ब' गटातही नव्हता. जगातल्या कुठल्याही वॉर्डात मिळते त्यापेक्षा कमी काळजी त्याला मिळत होती आणि त्याची राखण त्याची बायको डोळ्यांत तेल घालून करत होती.

वहिनी माझ्याकडे बघून हसली. मी तेव्हा तिला सगळं सांगायला हवं होतं. वॉर्ड होता, दुपार होती, वेळ होता. मी म्हणाले, "वहिनी, आता मामांना वळवू द्या. दर दोन तासांनी. मीच सांगते त्यांना."

"आता चालतंय व्हय?"

"हो," मी म्हटलं. "आता चालतंय."

त्या एका 'आता'ने मी सुटले. आधीचं जे होतं ते बरोबरच होतं, फक्त वेळ बदलली, असा त्याचा अर्थ तिने घेतला. तो तसा घ्यावा म्हणूनच मी तो शब्द वापरला होता.

मामांना मी हात जोडले, त्यांनी वेळेवर वळवलं. पण कडा काळ्या पडल्या होत्या आणि ड्रेसिंग उघडलं की शेजारचा पेशंट नाकाला रुमाल लावायचा. बाराव्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. जखमेतलं विष रक्तात गेलं, असं डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं. आयसीयूच्या दाराबाहेर ती चपला काढून बसली होती. आत तो चार दिवस जगला.

मी गाईड मॅडमना सांगितलं. मामांची भांडणं, माझं वाक्य, सगळं सांगितलं की नाही, ते आज मला नक्की आठवत नाही. इतकं महत्त्वाचं काही आपण विसरतो यावर माझाच विश्वास बसत नाही, म्हणजे बहुधा सांगितलं नसणार. त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, "बारा दिवसांचं मोजमाप आहे ना? तेवढं धरा. आपल्या नियमात बसतं." मी धरलं. तक्त्यात एका ओळीत तो आहे. त्याच्या आकड्याने दोन गटांतला फरक आणखी वाढला.

समोरचा म्हातारा चौदा दिवसांनी कोऱ्या पाठीने घरी गेला. त्याची मुलगी जाताना सगळ्या नर्सेसना भेटली, मावशीला साडी देऊन गेली. माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "त्या काकींचं कळलं," म्हणाली. आणखी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले, पण ती व्हीलचेअर ढकलत निघून गेली.

व्हायव्हाला बाहेरगावच्या परीक्षक होत्या. त्यांनी एकच अवघड प्रश्न विचारला. "कंट्रोल ग्रुपला रुटीन केअर म्हणजे नक्की काय मिळत होतं?" मी म्हटलं, "हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे, मॅडम. दर दोन तासांनी कूस बदलणे. चार्टच्या प्रती परिशिष्टात जोडल्या आहेत." त्यांनी परिशिष्ट उघडलं. चार्ट कोरून काढल्यासारखे सुबक होते. "व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. त्यांनीही कधीकाळी वॉर्डात नोकरी केली असणार, आणि असे चार्ट कधी भरतात ते त्यांना माहीत नसेल हे मला पटत नाही. पण आमच्यात हे कुणी कुणाला विचारत नाही.

मात्र त्या व्हायव्हाच्या कितीतरी आधी, तो गेल्यावर पंधराएक दिवसांनी, वहिनी कागदपत्रांसाठी हॉस्पिटलात आली होती. दीर खिडकीवर रांगेत उभा होता आणि ती रेकॉर्ड रूमबाहेरच्या बाकावर बसली होती. कपाळ मोकळं, हातात तीच पिशवी. मी फाईली घेऊन जात होते. टाळून जाता आलं असतं, पण तिने हाक मारली.

"ताई, जरा बसता?"

मी बसले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमाला एक इचारायचं हुतं. दुसऱ्या कुनाला इचारायचं धाडस न्हाई व्हत."

"विचारा ना."

"ते पहिले दोन दिस... ती समोरची पोरगी उठायची तशी मी बी उठून ह्यास्नी हालवायचे. तुमी नगं म्हनायच्या आदी. त्येनंच झालं का ओ? आतलं कायतरी सरकलं आसंल का माझ्या हातनं? मग तुमी सांगितल्यापासनं मी कुनाला बोट लावू दिलं न्हाई. मामाला न्हाई, मावशीला न्हाई. भांडून भांडून सगळी माझ्यावर चिडली. पर ते दोन दिस व्हऊन गेलंतं ना." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. "घरात कुनाला सांगितलं न्हाई मी. सासूला कळलं तर जन्मभर बोलंल. माझ्याच हातनं गेले का ते, एवढंच सांगा."

खरं उत्तर मला पाठ होतं. त्या दोन दिवसांतच त्याची कुणीतरी नीट काळजी घेतली होती. त्या दोन दिवसांत त्याची पाठ स्वच्छ होती, ती मी दारातून माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. हे सांगायचं तर त्याच्या पुढचं वाक्य सांगावं लागलं असतं, आणि ते वाक्य माझ्या नोकरीचं, पदवीचं आणि माझ्या बापाच्या मार्केटातल्या सगळ्या वर्षांचं वाटोळं करणारं होतं. असं मला वाटलं. बाकावर बसल्या बसल्या मी हा हिशेब केला आणि तो करायला मला फार वेळ लागला नाही.

"नाही वहिनी," मी म्हणाले. "तुमच्या हातून काही चुकलं नाही."

पुढे काही येतंय का म्हणून ती थांबली असावी. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमी चांगल्या हाय, म्हनून असं म्हनता."

दिराने कागद मिळाल्याची खूण केली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या मागोमाग जिना उतरू लागली. मी तिला हाक मारली नाही.